तळंदगे ते बांबवडे: २२० केव्ही वाहिनीची वाट, परवानग्या आणि उसाचं शिवार

नकाशावर तळंदगे आणि बांबवडे या दोन ठिकाणांवर पट्टी ठेवली की मधलं अंतर साधारण ४४ किलोमीटर भरतं. ही सरळ रेघ उजळाईवाडीच्या विमानतळापाशी जाते, कोल्हापूर शहराच्या छपरांवरून निघते, जोतिबाच्या डोंगराला खेटते आणि पन्हाळ्याजवळून शाहूवाडी तालुक्यात उतरते. म्हणजे सरळ वाट पहिल्याच दिवशी बाद. मग शहराला वळसा उत्तरेकडून घालायचा की दक्षिणेकडून, आणि त्या वळशाची किंमत कुणी आणि कशी मोजायची, इथून कामाला सुरुवात होते.

हे प्रकरण एकाच वाहिनीचं आहे. तळंदग्याच्या ४०० केव्ही (किलोव्होल्ट) उपकेंद्रातून निघणारी, २२० केव्ही दुहेरी सर्किटची (एकाच टॉवरवर तारांचे दोन संच), बांबवड्याजवळच्या नव्या उपकेंद्रापर्यंत जाणारी वाहिनी. ती अभ्यासासाठी आखलेली आहे. कुठल्या मंजूर आराखड्यात ती आहे असं कुणी समजू नये. तिची लांबी, टॉवरांची संख्या, जंगलातली लांबी आणि जमिनीचा दर ही गृहीतं आहेत. गावं, नद्या, कायदे आणि सुरक्षिततेची मापं खरी आहेत.

आमचं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. पारेषण वाहिनीसाठी कायद्याने सक्तीची असलेली पर्यावरण तपासणी फार अरुंद आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या परिशिष्टात वीज वाहिन्या नाहीतच. त्यामुळे पर्यावरण मंजुरी लागत नाही आणि तिच्याबरोबर येणारी जनसुनावणीही होत नाही. वन, वन्यजीव, विमानतळ, रेल्वे, पुरातत्त्व असं प्रत्येक खातं आपापला तुकडा पाहतं. अख्खी वाट एका नजरेने पाहणारं टेबल सरकारात कुठेच नाही. म्हणून खरी तपासणी कोनाच्या, म्हणजे वाहिनी जिथे वळते तिथल्या, टॉवरची जागा ठरवताना, खुंटी ठोकण्याआधीच व्हायला हवी. तिथे ती राहून गेली तर पुढे ती कुणीही करत नाही.

तीन वाटा

मधली वाट सरळ रेघेच्या आसपासची. शहरात भूमिगत केबल टाकून ती जमवता येईल का, हा विचार दरवेळी होतो. २२० केव्हीची भूमिगत केबल उघड्या तारांच्या कितीतरी पट महाग पडते आणि खर्च अखेर वीजदरात येतो. शिवाय पन्हाळा उरतोच. पन्हाळगड केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांतल्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला. ३०० मीटरच्या बाहेर टॉवर उभा करणं कायद्यात बसलं, तरी तटावरून दिसणाऱ्या दरीत पस्तीस-चाळीस मीटर उंचीच्या टॉवरांची रांग उभी करणं आम्हाला चुकीचं वाटतं. ही वाट इथेच सोडली.

दक्षिणेची वाट साधारण ६४ किलोमीटर. तळंदग्यातून पश्चिमेला, गोकुळ शिरगावच्या खालून पुणे-बंगळूर महामार्ग ओलांडायचा, मग करवीरच्या दक्षिण भागातून भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी अशा एकेक नद्या पार करत बाजारभोगावच्या अंगाने वर चढायचं. पंचगंगेला मिळणाऱ्या जवळपास सगळ्या नद्या या एकाच वाटेवर येतात. शेवटचा टप्पा जंगलातून. त्यात ९ किलोमीटर वनजमीन धरली आहे.

उत्तरेची वाट ५८ किलोमीटर. तळंदग्यातून ईशान्येला, रुकडी आणि रुई यांच्या दरम्यान पंचगंगा ओलांडायची, मग मिरज-कोल्हापूर रेल्वे आणि सांगली रस्ता, आळत्याच्या डोंगरांच्या बाजूने वाठारपाशी महामार्ग, कोडोलीवरून वारणेच्या खोऱ्याच्या दक्षिण कडेने बांबवडे. जंगल १.८ किलोमीटर, तेही जोतिबा-पन्हाळ्याच्या उत्तरेला उतरणाऱ्या सोंडांवर. बाकी सगळं बागायत आणि त्यातही ऊस.

दोन वाटांमधला पेच असा आहे. दक्षिणेला झाडं आणि जनावरं जास्त, पण हरकत घेणारे खातेदार कमी. उत्तरेला जंगल नाममात्र, पण शेकडो सातबारे. वाहिनी टाकणाऱ्याला दक्षिण सोपी वाटते, कारण जंगलाचा मालक एकच असतो.

जंगल स्वस्त पडतं का

पडतं असा समज आहे. म्हणून हिशेब मांडून बघू.

वनजमिनीत २२० केव्हीसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमधली मार्गाची रुंदी ३५ मीटर. दक्षिणेचे ९ किलोमीटर म्हणजे ३१.५ हेक्टर वनजमीन. २०२२ च्या सुधारित दरांनुसार वनजमिनीचं निव्वळ वर्तमान मूल्य (जंगल गमावल्याबद्दल भरायची रक्कम), जंगलाचा वर्ग आणि घनता पाहून, हेक्टरी साधारण ९.५७ ते १५.९५ लाख रुपये. म्हणजे ३ ते ५ कोटी, आणि त्यावर पर्यायी वनीकरण, झाडतोड आणि सर्वेक्षणाचा खर्च. हेच क्षेत्र अभयारण्यात पडलं तर निव्वळ वर्तमान मूल्य पाचपट, राष्ट्रीय उद्यानात दहापट.

आता शेतजमीन. हिशेबापुरता हेक्टरी ५० लाख दर धरू. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या ऑक्टोबर २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तारांखालच्या पट्ट्यासाठी जमीनमूल्याच्या कमाल १५ टक्के मोबदला होता. म्हणजे हेक्टरी साडेसात लाख. तेव्हाच्या दरांनी जंगल आणि शेत यांत फारसा फरक नव्हता, आणि एका मालकाशी व्यवहार करण्याची सोय जंगलाच्या पारड्यात पडायची. १४ जून २०२४ च्या तत्त्वांनी हा दर ३० टक्के केला: हेक्टरी १५ लाख. याचा अर्थ शेत आता जंगलापेक्षा महाग झालं, असा काही जण लावतील. पण १५ लाख आणि १५.९५ लाख हे आकडे शेजारी-शेजारी आहेत. जंगलाचा खर्च वनीकरणासह मोजला तर दाट जंगलातून जाण्याने पैसा वाचत नाही, वर मंजुरीचा वेळ जातो.

राहिला वेळ. वनजमीन असेल तर वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम, १९८० खाली केंद्राच्या परिवेश पोर्टलवर प्रस्ताव जातो. सोबत डीजीपीएस (उपग्रहाधारित अचूक) मोजणी, केएमएल (नकाशाची) फाइल, झाडांची गणना आणि पर्यायी वाटांची तुलना. रेषीय प्रकल्प केंद्राच्या विभागीय कार्यालयातून, महाराष्ट्रासाठी नागपुरातून, निकाली निघतात. आधी तत्त्वतः मंजुरी, मग पैसे आणि अटींची पूर्तता, मग अंतिम मंजुरी. वनहक्क कायद्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र लागतं.

पर्यायांची तुलना हा कागद आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तोच सगळ्यात उरकून लिहिला जातो. तीन रकाने, पहिल्या दोन वाटा मुद्दाम वाईट दाखवलेल्या, तिसरी आपल्याला हवी ती. इथे खरी तुलना असती तर वरचा हिशेब त्यात दिसला असता.

दक्षिण वाट सोडण्याचं मुख्य कारण मात्र पैशाचं नाही. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा चांदोली भाग उत्तरेला आणि राधानगरी अभयारण्य दक्षिणेला. दोघांना जोडणारी जंगलाची पट्टी शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा या तालुक्यांतून जाते. याच पट्टीत विशाळगड, पन्हाळगड आणि गगनबावडा ही संवर्धन राखीव क्षेत्रं घोषित झाली आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३८-ओ नुसार एका संरक्षित क्षेत्राला दुसऱ्याशी जोडणाऱ्या जागेचा पर्यावरणाला न पेलणारा वापर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा सल्ला आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मान्यता यांच्याशिवाय होऊ शकत नाही. "आम्ही अभयारण्याच्या बाहेर आहोत" हे उत्तर तिथे पुरत नाही.

जमिनीवर प्रश्न आणखी साधा आहे. गवे उतारावरून चरत खाली येतात. उतारावर दोन टॉवरांमध्ये मधली जमीन उंच असेल तर तार तिथे जमिनीजवळ येते. छेदरेखा (वाटेवरच्या जमिनीच्या चढउताराचं रेखाटन) काढताना फक्त मध्यरेषेवरची उंची घेतली तर बाजूच्या चढाची उंची सुटते, आणि तारा मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना काही मीटर बाहेर असतात. डोंगरात कडेच्या तारेखालची छेदरेखा वेगळी काढावीच लागते. हे न केल्याने तार आणि जमीन यांतलं अंतर कमी भरण्याची चूक या भागात फार सहज होते.

उत्तरेच्या वाटेवर १.८ किलोमीटर, म्हणजे ६.३ हेक्टर वनजमीन उरते. तिथे सोंडेच्या माथ्यावर टॉवर ठेवला आणि दरी एका गाळ्यात (दोन टॉवरांमधल्या अंतरात) ओलांडली, तर दरीतली झाडं तारेच्या बरीच खाली राहतात. २२० केव्हीला झाड आणि तार यांत किमान ४.६ मीटर अंतर लागतं. तेवढं सुटत असेल तर झाड तोडण्याचं कारण नाही. तारा ओढण्यासाठी प्रत्येक तारेखाली ३ मीटरचा पट्टा मोकळा करायची मुभा आहे; अख्खे ३५ मीटर साफ करायची नाही. हा फरक कंत्राटात लिहिला नाही तर झाडतोड ठेकेदार सगळाच पट्टा झोडतो. देवराई आली तर कोन बदलायचाच, मग कागदावर ती वन असो की गट नंबर.

पंचगंगेच्या काठावरचा एक टॉवर

रुकडी आणि रुई यांच्या मधल्या काठावर एक जागा जवळून पाहू. दक्षिण काठावर काळी माती, खोडव्याचा ऊस, बांधाच्या कडेने पीव्हीसी पाइपलाइन. सर्व्हेवाल्याने फक्कीने चौकोन आखलाय: पायांच्या मधलं अंतर ८ मीटर. नदीकडचा पाय सरीच्या पाचव्या ओळीत येतो आणि पाइपलाइन बरोबर त्या खड्ड्याखाली.

इथे पहिला प्रश्न पुराचा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा तसाच महापूर आला. जलसंपदा विभागाच्या निळ्या रेषेच्या आत, म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पात्रात, टॉवर ठेवायचाच नाही हा नियम आम्ही धरतो. लाल रेषा, म्हणजे १०० वर्षांच्या पुराची, मात्र इतकी लांब पसरते की एकाही गाळ्यात ती पूर्ण ओलांडता येत नाही. म्हणून काही टॉवर निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये येणारच.

जिथे नाव चालत नाही अशा नदीवर २२० केव्हीच्या तारेला उच्चतम पूरपातळीच्या वर किमान ५.१ मीटर अंतर लागतं. एरवी जमिनीवर ते ७.०१५ मीटर. आता गणित करा. शेतात ४ मीटर पाणी चढलं तर तार जमिनीपासून ९.१ मीटरवर हवी. कोरड्या शिवाराच्या हिशेबाने उभा केलेला टॉवर इथे सुमारे २ मीटरने कमी पडतो. म्हणून पूरपट्ट्यात टॉवरच्या अंगाला ३ मीटरची वाढ देणं हे किमान. महापुरात बचावाच्या बोटी पात्र सोडून शेतांवरूनही चालतात. बोटीत उभा राहिलेला माणूस हातात बांबू घेऊन त्या तारेखालून जाणार आहे. "शेतात नाव कुठली" म्हणून हे अंतर टाळायचं नाही.

दुसरा प्रश्न पायाचा. पुराच्या प्रवाहात पाचट, झाडं, कडब्याच्या पेंढ्या येतात आणि टॉवरच्या पायांत अडकून भिंत तयार होते. पाण्याचा सगळा जोर त्या भिंतीवर येतो. यासाठी काँक्रीटचा खांब पूरपातळीच्या वरपर्यंत न्यायचा, पायाची रचना बुडीत प्रकाराची घ्यायची आणि नदीकडच्या बाजूला खालची माती वाहून जाऊ नये म्हणून दगडी पिचिंग. खड्डा भरताना तीच काळी माती परत टाकू नये. ती भिजली की फुगते, वाळली की तडकते. मुरूम आणून, थर देऊन, पाणी मारून दाबायचा. अर्थिंगचा रोध १० ओहमच्या आत आहे का ते उन्हाळ्यात मोजायचं, पावसाळ्यात मोजलेला आकडा फसवतो.

तिसरी ती पाइपलाइन. ती खोदाईच्या दिवशी फुटली तर आठ दिवस पाणी बंद आणि पुढचे सहा महिने वाद. खोदाईआधी ती वळवून, चाचणी घेऊन, मगच खड्डा. ही पाचशे-हजार फूट पाइपची गोष्ट आहे, पण सगळ्या गावाचं कंपनीबद्दलचं मत इथे बनतं.

उसाचं शिवार आणि सातबारा

वाहिनी टाकायला राज्य शासनाची वीज अधिनियम, २००३ च्या कलम ६८ खाली पूर्वमान्यता लागते. कलम १६४ खाली तार प्राधिकरणाचे अधिकार मिळाले असतील, तर भारतीय तार अधिनियम, १८८५ मधल्या तरतुदी लागू होतात. तो कायदा रद्द करण्याची तरतूद दूरसंचार अधिनियम, २०२३ मध्ये आहे, पण कलम १६४ खालच्या पारेषण वाहिन्यांसाठी त्याचा तिसरा भाग चालू ठेवला आहे. गावात "कायदाच रद्द झालाय" असं कुणी सांगितलं तर याचं उत्तर तयार ठेवावं.

या अधिकाराखाली जमीन संपादित होत नाही. मालकी शेतकऱ्याचीच राहते. कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो. आधी संमती घ्यावी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये स्पष्ट केलं. पण तार अधिनियमाचं कलम १० सांगतं की नुकसान शक्य तितकं कमी करायचं आणि झालेल्याची पूर्ण भरपाई द्यायची. अडवणूक झाली तर कलम १६(१) खाली जिल्हादंडाधिकारी आदेश देतात. भरपाई अपुरी वाटली तर कलम १६(३) खाली जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते. हे शेवटचं कलम नोटिशीतच मराठीत छापावं असं आमचं आग्रहाचं मत आहे. ज्याला न्यायालयाची वाट माहीत असते तो खड्ड्यात उभा राहत नाही.

मोबदल्याचा हिशेब बहुतेक वेळा उलटा मांडला जातो. भांडण टॉवरच्या जागेवर होतं, आणि खरा पैसा तारांखाली असतो. २०२४ च्या तत्त्वांनुसार टॉवरच्या चार पायांमधली जागा अधिक प्रत्येक बाजूला १ मीटर, या क्षेत्राला जमीनमूल्याच्या २०० टक्के. आपल्या काठावरच्या टॉवरला हे १० बाय १० मीटर, म्हणजे जेमतेम एक गुंठा. ५० लाखांच्या दराने मूल्य ५० हजार, मोबदला १ लाख. आता शेजारचा ३५० मीटरचा गाळा घ्या. ३५ मीटर रुंदीने तो १.२२५ हेक्टर, तीन एकरांहून थोडा जास्त. मूल्य ६१.२५ लाख, त्याचे ३० टक्के म्हणजे १८ लाख ३७ हजार. टॉवरच्या अठरापट. हा पैसा आठ-नऊ गटांत आणि त्यातल्या वीस-तीस नावांत वाटायचा असतो, त्यामुळे कुणालाच तो मोठा दिसत नाही, आणि टॉवरवाला एकटा नाराज राहतो.

केंद्राची तत्त्वं राज्याने स्वीकारल्यावरच लागू होतात, तेव्हा चालू शासन निर्णय हातात घेऊनच दर सांगावा. मार्च २०२५ च्या पूरक तत्त्वांत पट्ट्याचा दर ग्रामीण भागात ३० टक्के, नगरपालिका-नगरपंचायत हद्दीत ४५ आणि महापालिका हद्दीत ६० टक्के आहे. हातकणंगल्याला नगरपंचायत आहे. एक कोन दोनशे मीटर सरकला की शेजारच्या दोन शेतांना वेगळे दर लागू शकतात. ही हद्द नकाशावर आधी काढून ठेवावी. पैसे वाटताना ती सापडली तर अख्खा गाळा अडतो.

सातबाऱ्यावर काय काय निघतं ते या भागात काम केलेल्यांना ठाऊक आहे. मयत खातेदार आणि न लागलेली वारस नोंद ही नेहमीची. देवस्थान इनाम जमिनी कोल्हापुरात भरपूर. तिथे जमिनीचा मोबदला देवस्थानाच्या खात्यात आणि पिकाची भरपाई वहिवाटदाराला, असे दोन धनादेश आणि दोन पंचनामे लागतात. एकच केला तर कसणारा माणूस रिकाम्या हाताने राहतो. जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे हस्तांतरणावर शासनाची बंधनं असलेली, असेल तर तहसीलदारांकडून आधी खुलासा. 'इतर हक्क' रकान्यात खासगी वनाची नोंद आहे का, हे प्रत्येक गटाला तपासायचं. कसलेलं, उसाने भरलेलं शेतही कागदावर वन निघू शकतं, आणि ते शेवटी कळलं की वनप्रस्तावाचं क्षेत्र बदलतं आणि तो परत पहिल्या पायरीवर जातो.

गावांची यादी वर्तमानपत्रात प्रसिद्ध करून हरकती मागवायच्या असतात. इथली नेहमीची चूक अशी: यादी प्रसिद्ध होते, मग कुणाच्या घरासाठी किंवा विहिरीसाठी कोन सरकतो, आणि तार अशा गावाच्या शिवेत जाते ज्याचं नाव यादीत नव्हतं. तिथली पहिलीच हरकत बरोबर असते. म्हणून पायी फिरून कोन पक्के होईपर्यंत यादी छापू नये. ५८ किलोमीटरला चाळीसएक कोन येतील. एकेका कोनाला अर्धा दिवस दिला तरी महिन्याभरात हे काम होतं.

फिरताना उपग्रह चित्रात न दिसणाऱ्या गोष्टी टिपायच्या. गुऱ्हाळं ही त्यात पहिली. चुलवाणात चिपाड जळतं, हंगामात रात्रंदिवस धूर आणि काजळी वर जाते आणि इन्सुलेटरवर (तारा टॉवरपासून विजेच्या दृष्टीने अलग ठेवणाऱ्या भागावर) थर बसतो. पहाटेच्या धुक्यात तो थर ओला झाला की त्याच्यावरून ठिणगी धावते. तारेपासून गुऱ्हाळ चांगलं लांब असावं. नसेल तर कोन हलवा, किंवा तेवढ्या टॉवरांना पॉलिमर इन्सुलेटर लावा. नदीकाठच्या वीटभट्ट्यांचंही तेच. घरं तर टाळायचीच: २२० केव्हीला इमारतीपासून उभं ५.५ आणि आडवं ३.८ मीटर अंतर हे किमान माप आहे, तारेखाली राहायला परवानगी नव्हे.

ऊस तारेखाली घेता येतो. तुऱ्यासकट चार-साडेचार मीटर वाढला तरी ७.०१५ मीटरच्या तारेखाली जागा उरते. पाचट पेटवणं मात्र धोक्याचं. ज्वाळा आणि धूर यांनी हवेची वीज अडवण्याची ताकद कमी होते आणि वाहिनी ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते. नारळ, आंबा, निलगिरी, बांबू तारेखाली नाहीत; या झाडांची भरपाई जमिनीच्या मोबदल्याहून वेगळी, आणि आंब्यासारख्या अनुसूचीतल्या झाडांच्या तोडीची परवानगी १९६४ च्या महाराष्ट्र झाडतोड कायद्याखाली.

पिकाची भरपाई तीनदा येते: पाया खोदताना, टॉवर उभारताना, तारा ओढताना. प्रत्येक वेळी वेगळा पंचनामा, ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचा तलाठी) आणि सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचा कृषी सहायक) यांच्या सहीचा, आणि त्याची प्रत त्याच दिवशी शेतकऱ्याच्या हातात. खोडवा मोडला तर फक्त उभ्या पिकाचं नाही, पुढच्या खोडव्याचंही नुकसान आहे. ते धरायलाच हवं. आडसाली ऊस शेतात सोळा-अठरा महिने असतो, त्यामुळे "पीक निघाल्यावर येऊ" ही सबब तिथे चालत नाही.

याला एक सोपा उपाय आहे. गळीत हंगाम सुरू होण्याआधी पट्ट्यातल्या गटांची यादी साखर कारखान्याच्या शेती विभागाला द्यायची आणि त्या प्लॉटांना तोडणीत पुढचा नंबर मागायचा. नोव्हेंबर-डिसेंबरात ऊस निघाला की जमीन मोकळी, ट्रॅक्टर जातो, आणि शेतकऱ्याला उसाचे पैसे कारखान्याकडून मिळतात. भरपाईत जाणारा पैसा वाचतो आणि उभा ऊस तुडवला जात नाही. यासाठी कंपनीच्या माणसाने सप्टेंबरातच कारखान्यात जाऊन बसायला हवं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत काळ्या रानात ना गाडी जाते ना माणूस, तेव्हा हा वेळ असतोच.

बाकीच्या परवानग्या

विमानतळाची उंचीची ना-हरकत तळंदग्याकडच्या पहिल्या काही टॉवरांना लागते. इथे फसतं ते एकाच जागी: अर्जात टॉवरची जमिनीपासूनची उंची लिहिली जाते, आणि विमानतळ प्राधिकरणाला हवी असते समुद्रसपाटीपासूनची शिखराची उंची. जागेची उंची आणि अक्षांश-रेखांश यांचं प्रमाणित मोजमाप सोबत जोडावं. रेल्वे ओलांडताना शक्य तितक्या काटकोनात, दोन्ही बाजूंना डेड-एंड टॉवर (तारांचा पूर्ण ताण एका बाजूने पेलणारे), आणि रेल्वेने दिलेल्या ब्लॉकमध्येच, म्हणजे गाड्या थांबवलेल्या वेळेतच, तारा ओढायच्या; हा ब्लॉक मिळायला लागणारा वेळ वेळापत्रकात कुणीच धरत नाही. महामार्गाला रस्ता प्राधिकरण, दूरसंचार तारांवरच्या परिणामासाठी वीज-दूरसंचार समन्वय समिती, आणि वाहिनी चार्ज करण्याआधी, म्हणजे तिच्यात वीज सोडण्याआधी, विद्युत निरीक्षक.

क्रम

पायी सर्वेक्षण, मग सातबारे आणि वननोंदी, मग कोन पक्के, मग गावांची प्रसिद्धी आणि कलम ६८. वनप्रस्ताव, विमानतळ आणि रेल्वे हे तिन्ही अर्ज कोन पक्के झाल्याच्या आठवड्यातच. एकामागून एक नव्हे. जिल्हाधिकाऱ्यांकडून जमीनमूल्य ठरवून घेतल्याशिवाय पहिली खुंटीही ठोकू नये. टॉवरच्या मोबदल्याचा पहिला हप्ता खोदाईआधी, आणि पट्ट्याचा मोबदला तारा ओढण्याआधी बँक खात्यात. हा क्रम उलटला की कलम १६(१) चे अर्ज वाढतात, आणि प्रत्येक अर्जाला सुनावणी आणि कारणांसह आदेश लागतो. असे वीस अर्ज म्हणजे एक अख्खा हंगाम गेला.

वाहिनी चार्ज झाल्यावरही दोन कामं उरतात. तारांखालच्या पट्ट्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात करून घ्यावी, म्हणजे दहा वर्षांनी जमीन घेणारा तिथे शेड बांधणार नाही किंवा भराव टाकून अंतर कमी करणार नाही. आणि पहिल्या पुराचं पाणी ओसरलं की लाल रेषेच्या आतले टॉवर पायी जाऊन पाहायचे: नदीकडच्या पायापाशी माती किती गेली, पिचिंग सरकलं का, पायांत पाचट अडकलंय का. ते तेव्हाच काढायचं, कारण ऑगस्टमध्ये पाणी दुसऱ्यांदा येतं.